कढईतील निम्मे पाणी



गणितावर भाषण आहे असे कळताच निम्म्या घरांतून रेडिओ बंद होतात, हे मी जाणून आहे. मी स्वतः मॅट्रिक व त्यापुढे अध्यापक विद्यालयाची पदविका एवढेच शिकलेला मनुष्य. नांदेड जिल्ह्यातील शाळांतून छत्तीस वर्षे मुलांना गणित शिकविले आणि सेवानिवृत्त झालो. ह्या छत्तीस वर्षांत समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याला विषय कळला की नाही हे ओळखण्याची सवय जडली. परंतु येथे समोर चेहरे नाहीत आणि फळाही नाही. तेव्हा ज्यांना शक्य असेल त्यांनी एक कागद व पेन्सिल जवळ घेऊन बसावे, एवढीच प्रारंभी विनंती आहे. ज्यांना शक्य नसेल त्यांनी निदान एक अर्धगोल कढई डोळ्यांपुढे आणावी. आजचे सारे भाषण त्या कढईभोवतीच फिरणार आहे.

इ.स. २०१६ चा उन्हाळा लातूरकरांच्या कायमचा स्मरणात राहील. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आटले, शहरातील नळ कोरडे पडले, आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची होती. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी असे. तीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आलेले ते पाणी टँकरने गल्लोगल्ली पोचे, आणि प्रत्येक घर आपापले भांडे घेऊन दाराशी उभे राही.

माझी मुलगी तेव्हा लातूरलाच राहत असे. तिच्या व शेजारच्या एका वृद्ध बाईंच्या घरात मिळून पाणी साठविण्यास एकच मोठे भांडे होते. एका भंगारवाल्याकडून आणलेला तो लोखंडी गोल टाकीचा नेमका अर्धा भाग होता व तिवईवर पालथा न घालता उताणा बसविलेला होता. सर्वजण त्याला कढईच म्हणत. तोंडाचा व्यास तीन फूट, अर्थात त्रिज्या दीड फूट, आणि मध्यभागी खोलीही दीडच फूट. काठोकाठ भरल्यावर तीत दोनशे लिटर पाणी मावे. टँकर आला की कढई भरावयाची आणि दोन घरांनी ती निम्मी निम्मी वाटून घ्यावयाची, असा करार होता.

निम्मे म्हणजे किती, हे ठरविण्याचे काम त्या दिवसांत सुट्टीवर आलेल्या माझ्याकडे आले. घरात गणिताचा शिक्षक असताना दुसऱ्या कोणाकडे जाणार! मी एक बांबूची काठी घेतली, ती कढईच्या मध्यभागी उभी धरली, अठरा इंचांची खोली मोजली आणि नऊ इंचांवर चाकूने खूण केली. मुलगी व जावई सकाळी लवकर कामावर जात, म्हणून पहिले पाणी त्यांनी काढावयाचे; पाणी खुणेपर्यंत उतरले की थांबावयाचे; खालचे उरलेले सारे शेजारच्या मावशींचे. ही व्यवस्था तीन आठवडे चालली. चौथ्या खेपेला मी पुन्हा लातूरास गेलो होतो, तेव्हा मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमची काठी लई शिकलेली असंल, पर माझी घागर बी काही अडाणी न्हाई. तुमच्या लेकीच्या घरात पंधरा घागरी जातात अन् माझ्या घरात सात. हे निम्मं हाय व्हय?"

मुलगी म्हणाली, "बाबा, असे कसे होईल? काठी तर बरोबर मध्यावर आहे." मी काहीच बोललो नाही, कारण मावशी बोलत असतानाच माझ्या कानशिलात उष्णता चढू लागली होती. कढई वर रुंद व तळाशी निमुळती असते. खोली निम्मी म्हणजे पाणी निम्मे नव्हे, हे सातवीतील मुलालाही सांगता आले असते. शंकूचे, गोलाचे घनफळ मी किती वर्षे फळ्यावर लिहीत होतो! आणि टंचाईच्या दिवसांत एका एकट्या म्हातारीच्या तोंडचे पाणी माझ्या चाकूच्या खुणेने माझ्याच लेकीच्या घरात आणून ओतले होते.

आता हिशेब पाहू. गोलाच्या तळाच्या भागात किती पाणी मावते ह्याचा नियम फार जुना आहे. पाण्याच्या खोलीचा वर्ग करावा. त्रिज्येच्या तिपटीतून खोली वजा करून त्या वर्गास गुणावे. व आलेल्या संख्येस पायच्या एकतृतीयांशाने गुणावे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून कढईची त्रिज्या म्हणजेच एक, असे माप धरू. पायचा एकतृतीयांश सर्वत्र सारखाच असल्याने तोही बाजूस ठेवू. कढई काठोकाठ भरली असता खोली एक, एकाचा वर्ग एक, आणि तिनातून एक गेला दोन, गुणाकार दोन. म्हणजे भरलेली कढई दोन भाग. माझी खूण अर्ध्यावर होती. अर्ध्याचा वर्ग पाव. तिनातून अर्धा गेला अडीच. पाव गुणिले अडीच म्हणजे पाच अष्टमांश. दोन भागांपैकी पाच अष्टमांश, म्हणजे एकंदर पाण्याच्या सोळा आण्यांपैकी पाच आणे! मावशींच्या वाट्यास साडेबासष्ट लिटर आणि माझ्या लेकीच्या वाट्यास साडेएकशेसदतीस. नऊ लिटरची घागर धरली तर सात आणि पंधरा. मावशींच्या मोजणीत तिळभर चूक नव्हती.

मग खरी खूण कोठे हवी? खोलीचा वर्ग गुणिले, तिनातून खोली वजा जाता उरेल ते, बरोबर एक. हे शब्द उलगडून लिहिले तर समीकरण असे होते: खोलीचा घन, उणे तीन पट खोलीचा वर्ग, अधिक एक, बरोबर शून्य. ह्यास घनसमीकरण अथवा तिसऱ्या कोटीचे समीकरण म्हणतात. दिसावयास किती साधे! सहगुणक काय, तर एक, तीन आणि एक. त्या रात्री मी अंगणात दिव्याखाली ते सोडवावयास बसलो. शाळेत शिकवितो त्याप्रमाणे अवयव पाडून पाहिले. एक घालून पाहिला, उणे एक घालून पाहिला, जुळले नाही. आणि ह्या समीकरणात ते दोन जुळले नाहीत म्हणजे कोणताही पूर्णांक अगर अपूर्णांक जुळणारच नाही, असा नियम आहे. छत्तीस वर्षांची पुंजी तेथे संपली.

येथे कढई क्षणभर तिवईवर ठेवून थोडे मागे जाऊ. आपल्या महाराष्ट्राला समीकरणे नवीन नाहीत. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीजवळील विज्जडविड हे आपले गाव असे ते सांगतात. ते गाव नेमके कोणते ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यात आमच्या मराठवाड्यातील बीडचेही नाव घेतले जाते. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे; तो डॉ. भाऊ दाजी ह्यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील बीजगणितात वर्गसमीकरण सोडविण्याची जी रीत आहे ती त्यांनी श्रीधराचार्यांच्या नावावर प्रामाणिकपणे नोंदविली आहे. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याची ही वृत्ती मला त्यांच्या गणिताइतकीच आवडते.

त्याच ग्रंथात एक घनसमीकरणही आहे. एका संख्येचा घन व तिची बारापट मिळून जी बेरीज होते ती, त्या संख्येच्या वर्गाची सहापट अधिक पस्तीस, एवढी आहे. तर ती संख्या कोणती? आचार्य दोन्ही बाजूंतून वर्गाची सहापट व आठ वजा करतात, आणि एका बाजूस दोनाने उणी अशा संख्येचा संपूर्ण घन व दुसऱ्या बाजूस सत्तावीस उरतात. तिनाचा घन सत्तावीस. म्हणून संख्या पाच. त्याहून सुरस उदाहरण चतुर्घाताचे आहे: संख्येचा चौथा घात, त्यातून वर्गाची दुप्पट व संख्येची चारशेपट वजा केली असता नऊ हजार नऊशे नव्याण्णव उरतात. तेथेही योग्य ती भर घालून दोन्ही बाजू पूर्ण वर्ग करावयाच्या, व उत्तर अकरा काढावयाचे. परंतु अशी भर कोणती घालावी ह्याचा सर्वसाधारण नियम नाही. ती बुद्धीने सुचावी लागते. माझ्या कढईच्या समीकरणावर मी ती युक्ती करून पाहिली आणि कागद फाडून टाकला.

युरोपात सोळाव्या शतकात घनसमीकरणाचे सूत्र निघाले. इटलीतील कार्दानो ह्याने ते १५४५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि त्यावरून टार्टाग्लियाशी त्याचे जे भांडण झाले ते गणिताच्या इतिहासात गाजलेले आहे. त्यात आपण शिरावयास नको. परंतु त्या सूत्रात एक विलक्षण अडचण आहे, ती मात्र सांगितलीच पाहिजे. समीकरणास तीन निरनिराळी वास्तव मुळे असली, म्हणजे उत्तरे अगदी खरीखुरी, मोजता येण्याजोगी असली, की सूत्र नेमके ऋणसंख्येच्या वर्गमुळातून जावयास लावते. आमच्या कढईच्या बाबतीत उणे पाऊण ह्या संख्येचे वर्गमूळ मध्ये येऊन उभे राहते. लोखंडी कढई, नळाचे पाणी, बांबूची काठी, आणि खूण शोधण्याच्या वाटेवर मात्र ही काल्पनिक संख्या! तिला टाळून केवळ वास्तव घनमुळे व वर्गमुळे ह्यांच्या साहाय्याने उत्तर लिहिता येत नाही, हे पुढे सिद्धही झाले. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे कढईची निम्मी खूण आणि साठ अंशांच्या कोनाचे तीन समान भाग, हे दोन्ही एकच कोडे आहे. पट्टी व कंपास घेऊन ते सुटणे अशक्य असल्याचे व्हाँत्सेल ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली दाखविले. पाचव्या व त्याहून वरच्या कोटीस तर सर्वसाधारण सूत्रच असू शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ साली सांगून टाकले होते.

सारांश, सूत्राचा मार्ग मला बंद होता. रात्रीचे दहा वाजले होते. नांदेडला अभियांत्रिकी शिकत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मला आठवण झाली व मी त्यास दूरध्वनी केला. "सर, ह्यात काय आहे," तो म्हणाला, "संगणकावर एका मिनिटाचे काम." संगणक हा शब्द आता आपल्या घराघरांत आहे. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी उभारलेले संगणकयंत्र चालू झाले, तेव्हा ते केवढे तरी कपाट होते; आज त्याच्या अनेकपट वेगाचे यंत्र विद्यार्थ्याच्या पिशवीत मावते. मी निर्धास्त होऊन वाट पाहत बसलो.

एका मिनिटाऐवजी पंधरा मिनिटांनी त्याचा दूरध्वनी आला. आवाज थोडा खाली गेलेला होता. "सर, यंत्र म्हणते, शून्याने भागता येत नाही."

त्याने न्यूटनची रीत योजिली होती. ही रीत फार सुंदर आहे. कल्पना करा की आपण डोंगराच्या उतारावर डोळे बांधून उभे आहोत, व सपाटी कोठे आहे ते शोधावयाचे आहे. पायाखालचा उतार चाचपावयाचा, आणि ह्याच उताराने सरळ गेलो तर जमिनीस कोठे टेकू, हा हिशेब करून तेथे उडी घ्यावयाची. तेथे पुन्हा उतार चाचपावयाचा, पुन्हा उडी. योग्य जागेपासून निघालो तर दोनचार उड्यांत मुक्काम येतो. परंतु निघण्याची जागाच सपाट असली तर? उतार शून्य, आणि शून्याने भागावयाची वेळ येते. आमच्या विद्यार्थ्याने सोय म्हणून शून्यापासून आरंभ केला होता, आणि ह्या समीकरणाचा वक्र नेमका शून्यापाशी सपाट आहे.

"मग मी तिनापासून सुरुवात केली, सर. आता उत्तर आले. दोन दशांश चिन्ह आठ सात नऊ."

मी त्यास अठराने गुणिले. "अरे, हे तर जवळजवळ बावन्न इंच झाले! कढई अठरा इंच खोल आहे."

"पण समीकरणात घालून पाहा, सर. बरोबर बसते."

आणि ते खरोखरच बसत होते! यंत्र खोटे बोलले नव्हते. ह्या समीकरणास तीन वास्तव मुळे आहेत; एक सुमारे उणे साडेनऊ इंच, दुसरे बावन्न इंच, आणि तिसरे जे आम्हास हवे होते ते. समीकरणास कढईचा काठ दिसत नाही. तो आपणच त्याला सांगावा लागतो. मला त्या क्षणी भास्कराचार्यांची माकडे आठवली. एका कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत शिरली, आणि एक फांदीवर बसलेले दिसले. तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात, पन्नास आणि पाच. पाचाचा पाचवा भाग एक. त्यातून तीन गेले तर उणे दोन माकडे. हे उत्तर समीकरणात चोख बसत असूनही आचार्यांनी ते घेतले नाही. अशा ऋणसंख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे कारण त्यांनी दिले. त्याच प्रकरणात दुसऱ्या एका कळपाचे उदाहरण आहे, आठव्या भागाचा वर्ग व वर बारा माकडे. तेथे सोळा व अठ्ठेचाळीस ही दोन्ही उत्तरे त्यांनी मान्य केली. सर्व मुळे शोधणे हे एक काम आणि त्यांतील कोणते आपल्या अंगणातील, हे ओळखणे दुसरे काम. पहिले यंत्र करू शकते.

विद्यार्थ्यास झोपावयास सांगून मी पुन्हा कागद घेतला. विचार केला, की ज्या अज्ञाताला आपण दूर पळून जाऊ दिले तर ते बावन्न इंचांवर जाते, त्यास कोंडीतच धरावे. नऊ इंचांवर पाणी निम्म्याहून कमी. अठरा इंचांवर निम्म्याहून जास्त. मधला आकडा साडेतेरा. तेथे हिशेब केला तर एकाऐवजी सव्वा येतो, म्हणजे जास्त. तेव्हा खूण नऊ व साडेतेराच्या मध्ये. त्यांचा मध्य सव्वाअकरा; तेथे एकास थोडे कमी. सव्वाअकरा व साडेतेरा ह्यांचा मध्य बारा इंच तीन अष्टमांश, तेथे जास्त. पुन्हा मध्य काढला, अकरा इंच व वर तेरा षोडशांश. तेथे एकाहून केवळ एक शतांशाइतके जास्त. दर खेपेस कोंडी निम्मी होते. दहा खेपांत ती हजाराव्या भागाहून लहान होते. ह्यात उडी नाही, वेग नाही, परंतु वाट चुकण्याची भीतीही नाही. रात्री साडेअकराच्या सुमारास मी पावणेबारा इंचांपाशी येऊन थांबलो.

सकाळी विद्यार्थ्याने अर्ध्यापासून आरंभ करून चार उड्यांत तेच उत्तर आणले होते. त्याच्याकडे पंधरा अंक होते, ०.६५२७०३६४४६६६१३९. अठराने गुणिले की ११.७५ इंचांस किंचित कमी. मी त्यास म्हटले, "बाबा, चाकूची खूणच सूतभर जाड असते, आणि कढईला दोन पोचे आहेत. पावणेबारा पुरे."

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा आम्ही दोघांनी बसून, कोणत्याही कमी कोटीच्या समीकरणाची सर्व वास्तव मुळे हुकमी सापडतील असा कार्यक्रम पायथन ह्या संगणकीय भाषेत लिहिला. भाषा त्याची, गुणाकार माझे. त्यातील मुख्य कल्पना मला इतकी आवडली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वक्र जेथे चढता चढता वळून उतरू लागतो किंवा उलट, त्या वळणाच्या जागा आधी शोधाव्यात. दोन वळणांच्या मध्ये वक्र एकतर चढतच असतो किंवा उतरतच असतो. तेव्हा त्या टापूत मूळ असले तर एकच असणार. टापूच्या दोन टोकांस चिन्हे विरुद्ध असली की मूळ आत कोंडले गेले. मग निम्मे-निम्मे करीत जावयाचे. आणि वळणाच्या जागा कशा शोधावयाच्या? त्या देखील एका समीकरणाची मुळेच असतात, आणि ते समीकरण एका कोटीने खालचे असते! चतुर्घाताची वळणे घनसमीकरण सांगते, घनाची वळणे वर्गसमीकरण सांगते, आणि वर्गसमीकरण श्रीधराचार्य सोडवून देतात. टोकांची चिंता नको. सर्वांत मोठा सहगुणक पहिल्या सहगुणकाने भागून त्यात एक मिळविला, की त्या मर्यादेपलीकडे कोणत्याही बाजूस मूळ असत नाही. कढईच्या समीकरणात ही मर्यादा चार येते. वळणे शून्यावर व दोनावर. टापू तीन, आणि प्रत्येकात एकेक मूळ. यंत्राने तिन्ही मुळे क्षणात पुढे टाकली.

मग आम्ही आचार्यांचे चतुर्घात समीकरण त्यात घातले. वळण एकच निघाले, ४.७१ च्या आसपास. त्याच्या उजवीकडे अकरा, आणि डावीकडे उणे नऊ. विद्यार्थी आनंदाने ओरडला, "सर, भास्कराचार्यांचे एक मूळ राहिले होते!" मी म्हटले, राहिले नसेल, अंगणाबाहेरचे म्हणून सोडले असेल.

यंत्रावर अंधविश्वास ठेवू नये म्हणून दोन खोड्याही सांगतो. यंत्र संख्येचे ठराविक अंकच लक्षात ठेवते. समजा ते सहाच अंक ठेवणारे आहे, आणि समीकरण आहे: संख्येचा वर्ग, उणे दहा हजारपट संख्या, अधिक एक, बरोबर शून्य. सूत्रात जे वर्गमूळ येते ते ९९९९.९९९८. सहा अंकांत ते होते दहा हजार. मग दहा हजारांतून दहा हजार गेले, व लहान मूळ शून्य! वास्तविक ते एकाचा दहा हजारावा भाग आहे. समीकरणात शून्य घातले तर एक बरोबर शून्य असे होते. ह्यावर उपाय शाळेतलाच आहे. दोन मुळांचा गुणाकार येथे एक. मोठे मूळ आधी काढावे व एकास त्याने भागावे. वजाबाकी टळली की चूकही टळते. मोठ्या यंत्राचे अंक सोळा असतात, म्हणून ही चूक दडते, नाहीशी होत नाही.

दुसरी खोडी कढईचीच आहे. अर्ध्या गोलाऐवजी संपूर्ण गोल टाकी असती आणि ती पूर्ण भरावयाची असती, तर आमच्या समीकरणात शेवटच्या एकाऐवजी चार आले असते. त्याचे मूळ दोन, म्हणजे खोली बरोबर व्यासाएवढी. हे उघडच आहे. परंतु तेथे वक्र रेषेला केवळ स्पर्श करून परत फिरतो, ओलांडीत नाही. दोन्ही बाजूंस चिन्ह एकच! निम्मे-निम्मे करणारी रीत तेथे मुळावरून निघून जाते आणि तिला पत्ता लागत नाही. बारीकशा चुकीने चाराचे चारांहून रेसभर अधिक झाले तर यंत्र सांगते, असे मूळ नाही. कमी झाले तर सांगते, दोन आहेत. टाकी भरली की नाही, ह्या प्रश्नास अशी दोन उत्तरे! म्हणून आमच्या कार्यक्रमात वळणाच्या जागी वक्राची उंची अत्यल्प आढळली तर थांबून माणसास विचारावे, अशी एक ओळ घातली आहे. ती ओळ विद्यार्थ्यास कमीपणाची वाटली. मी ती काढू दिली नाही.

आता लातूरच्या त्या सकाळीकडे येतो. मी काठीवर पावणेबारा इंचांवर दुसरी खूण केली, ती घेऊन मावशींच्या घरी गेलो, व झालेली चूक माझी होती असे त्यांस सांगितले. मागच्या तीन खेपांचे पाणी मी लिहून नेले होते. दर खेपेस साडेसदतीस लिटर, म्हणजे एकशे साडेबारा लिटर आमच्याकडून त्यांना येणे होते. मावशींनी कागद हातात घेतला नाही. त्या म्हणाल्या, "आकडे ऱ्हाऊ द्या गुरुजी. काठी बी ऱ्हाऊ द्या. घागरीच मोजू की. एक तुमची, एक माझी."

मी अवाक् झालो. एक तुमची, एक माझी! ह्या रीतीस न वळण लागते, न कोंडी. परंतु मी मास्तरच. हट्टाने म्हटले, ह्या खेपेस दोन्ही करून पाहू. टँकर आला, कढई काठोकाठ भरली. मुलीने घागरी भरावयास आरंभ केला, मावशी दारात बसून मोठ्याने मोजीत होत्या, आणि मी काठी धरून उभा होतो. अकरावी घागर निघाली तेव्हा पाणी नव्या खुणेच्या अगदी लगत, बोटाच्या पेरापेक्षाही कमी अंतरावर येऊन थांबले. मग मावशींच्या अकरा घागरी निघाल्या. तळाशी दोन लिटरांच्या आसपास पाणी उरले, ते कोणाचे, ह्यावर पुन्हा वाद नको म्हणून मुलीने ते मावशींच्या तुळशीला घातले. मागची बाकी आम्ही पुढील तीन खेपांत चार-चार घागरी जास्त देऊन फेडली, आणि मावशींनी ती मोजून घेतली.

ती काठी अजून माझ्याजवळ आहे. तिच्यावर दोन खुणा आहेत, एक नऊ इंचांवर व दुसरी पावणेबारांवर. शिकवणीस येणाऱ्या मुलांच्या हाती मी ती देतो व विचारतो की ह्यांतील निम्म्याची खूण कोणती. बहुतेक मुले नऊ इंचांवरच बोट ठेवतात.